साम्राज्य आणि संज्ञापन : इनिस यांची ऑक्सफर्ड व्याख्याने

टोरोंटो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ हॅरल्ड इनिस यांना १९४८ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने बाइट व्याख्यानमालेसाठी पाचारण केले. विषय साम्राज्याच्या आर्थिक इतिहासाचा. पाहुणे बोलले ते मात्र दगड, मातीच्या विटा, पपायरस, चर्मपत्र आणि कागद यांविषयी. ही व्याख्याने १९५० साली 'एम्पायर अँड कम्युनिकेशन्स' या नावाने ग्रंथरूप झाली. निमंत्रिताने विषयाची वेस ओलांडावी हे यजमानास रुचतेच असे नाही. परंतु माध्यमे व राजसत्ता यांच्या संबंधाचा पुढील अभ्यास या अतिक्रमणाचा पुष्कळच ऋणी आहे.

इनिस यांनी आधी कॅनडातील लोकरी कातड्यांच्या व मासळीच्या व्यापाराचा इतिहास लिहिला होता. लाकडाच्या लगद्यावरून ते कागदाकडे आणि कागदावरून वृत्तपत्राकडे आले. त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा : जड व टिकाऊ माध्यम काळावर सत्ता गाजविते, धर्मसंस्थेस व परंपरेस पोसते, हलके माध्यम अंतरावर मात करून प्रशासनास व सैन्यास बळ देते. दोहोंचा तोल साधेल ते साम्राज्य टिकते.

भारत स्वतंत्र होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते, आणि साम्राज्यावरील या ग्रंथात भारतास स्वतंत्र प्रकरण नाही. ही तक्रार अभिमानापोटी केलेली नाही. सिद्धान्ताची खरी कसोटी तेथेच होती. अशोकाने दगड निवडला तो लेख चिरकाल राहावेत म्हणून, हे खरे. पण तेच लेख गिरनारपासून धौलीपर्यंत कोरविले गेले. वायव्येस ग्रीक व अरमाइक भाषाही वापरण्यात आल्या. आपल्या सोपाऱ्यास १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तो याच विस्ताराचा पुरावा होय. येथे जड माध्यमाने अंतर जिंकले. धौली व जौगड येथील लेख तर ठरावीक दिवशी लोकांना वाचून ऐकवावयाचे होते. तेव्हा सत्ता दगडात किती आणि मजकूर पोहोचविणाऱ्या व वाचून दाखविणाऱ्या अधिकाऱ्यांत किती, हा प्रश्न इनिस यांच्या मांडणीत नीट बसत नाही.

त्याहून मोठी अडचण मौखिक परंपरेची. ग्रीकांच्या वाणीत इनिस यांना लवचीकपणा व स्वातंत्र्य दिसले, आणि त्यांचा जीव तेथे गुंतला आहे हे लपत नाही. वेदपठणाची परंपराही मौखिकच. पण पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ यांच्या योगे तिने एक अक्षर हलू दिले नाही, आणि ऐकण्याचा अधिकारही मूठभरांपुरता राखला. बोललेला शब्द आपोआप मोकळा नसतो. कोणास बोलू द्यावयाचे व कोणास ऐकू द्यावयाचे, यावर त्याचे राजकारण ठरते.

एवढे असूनही हा ग्रंथ टाळण्यासारखा नाही. त्याची शैली दाट, संदर्भांनी कोंदलेली. मौखिकतेच्या कैवाऱ्याचे हे लेखन मोठ्याने वाचणे मात्र कठीण! नवागत विद्यार्थ्याने अनुक्रम सोडून प्रथम रोमन साम्राज्यावरील प्रकरण वाचावे आणि मग बाबिलोनकडे वळावे.