‘गुळगुळीत नळी’ : एका संज्ञेची चिकित्सा

ठासणीच्या बंदुकांसंबंधी लिहिताना ‘स्मूथबोअर’ या इंग्रजी संज्ञेस ‘गुळगुळीत नळीची बंदूक’ हा शब्दशः पर्याय सुचणे स्वाभाविक आहे; परंतु तो दिशाभूल करणारा आहे. ‘गुळगुळीत’ म्हटले की मराठी वाचकास घासूनपुसून तुळतुळीत केलेला पृष्ठभाग आठवतो. मूळ संज्ञेत मात्र ‘स्मूथ’ हे विशेषण अभाववाचक आहे : नळीत पेचदार आटे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आट्यांच्या नळीशी तुलना करण्याचा प्रसंग आला तेव्हाच साध्या नळीला विशेषणाची गरज भासली.

हा भेद केवळ कोशकाराच्या सोयीचा नव्हे. आतून कुरुंदाने घासलेली नळीदेखील ‘स्मूथबोअर’च, आणि ओबडधोबड नळीदेखील ‘स्मूथबोअर’च. संज्ञेचा अर्थ झिलईशी जोडला, की अशा बंदुकीचा नेम चुकण्याचे कारणही कारागिराच्या हयगयीत शोधले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. ब्रिटिश ‘ब्राउन बेस’ बंदुकीच्या नळीचा व्यास सुमारे ०.७५ इंच, तर गोळीचा सुमारे ०.६९ इंच असे. काळ्या दारूच्या ज्वलनानंतर निम्म्याहून अधिक वजनाचे घन अवशेष उरतात. नळीत कीट साचल्यावरही गोळी ठासता यावी, म्हणून ही मोकळीक ठेवणे भाग होते. त्या मोकळिकीत गोळी भिंतींवर आदळत बाहेर पडे. झिलई काही बारांतच कीटाखाली झाकली जाई. मोकळीक मात्र कायम राही.

या प्रश्नाचे मर्म बेंजामिन रॉबिन्स याने ओळखले. ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ (१७४२) या ग्रंथाचा कर्ता रॉबिन्स याच्या मते, नळीच्या भिंतीशी झालेल्या घर्षणाने गोळीस फिरकी मिळते आणि त्या फिरकीमुळे ती हवेत वळते. १७४५ मध्ये या ग्रंथाचे जर्मन भाषांतर सटीप सिद्ध करणाऱ्या ऑयलरने हे मत नाकारले व दोष गोळीच्या आकारातील अनियमितपणाकडे नेला. त्यावर रॉबिन्सचा प्रयोग निर्णायक ठरतो. त्याने नळीचे तोंड डावीकडे वाकविले. गोळी प्रथम डावीकडे गेली आणि नंतर, त्याने तर्क केल्याप्रमाणे, उजवीकडे वळली. नळीच्या उजव्या भिंतीशी घासल्याने मिळालेल्या फिरकीचाच तो परिणाम होता. आकारातील अनियमितपणाने येणारी चूक अशी आगाऊ सांगता येत नाही.

ऑयलरसारखा श्रेष्ठ गणितीही घडणीतील उणिवेकडे वळला, हे लक्षणीय आहे. दोष दिसला की वस्तूच्या ओबडधोबडपणावर बोट ठेवण्याची प्रवृत्ती बलवत्तर असते. ‘गुळगुळीत’ हा शब्द तिला भाषेचा आधार देतो. म्हणून ‘बिनआट्याची नळी’ हा पर्याय अधिक ग्राह्य होय. तो श्रुतिमधुर नाही. पण जे नाही तेवढेच तो सांगतो, आणि झिलईचा प्रश्न झिलईपुरता मोकळा ठेवतो.