घरंदाज कोण, गावरान कोण?

मराठी विनोदी प्रेमपटाचा विषय निघाला की एकाच चित्रपटातल्या नायिकांची तुलना ठरलेली. कोण अधिक लोभस? 'क्लास' कुणाला आहे? वाकोल्याच्या चाळींतही या गप्पा रंगतात आणि शिकल्या-सवरल्या समीक्षकांच्या लेखांतही. तुलना करू नये असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या मापाने ती केली जाते ते माप कुणाच्या घरातले आहे, एवढे विचारणे भाग आहे.

सचिन पिळगावकर दिग्दर्शित 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. अश्विनी भावे, सुप्रिया पिळगावकर, निवेदिता जोशी आणि प्रिया अरुण अशा चार नायिका त्यात आहेत. त्यांच्या पात्रांची नावे पाहा : माधुरी, मनीषा, सुषमा आणि कमळी. पहिल्या तिघींची नावे शाळेच्या हजेरीपटावरची. चौथीचे नाव अंगणातून हाक मारण्याचे. तिचा जोडीदारही परशुरामचा 'परशा' झालेला. प्रेक्षकाने कुणाकडे मान वर करून पाहायचे आणि कुणाला हसायचे, हे नटीने तोंड उघडण्यापूर्वीच ठरून गेलेले असते.

त्यानंतर समीक्षेची भाषा येते. एकीला सोज्वळ, सालस, घरंदाज म्हणायचे. दुसरीला ठसकेबाज, गावरान, फटाकडी. ही विशेषणे अभिनयाची म्हणून वापरली जातात, पण ती असतात घराण्याची. या सवयीला इतिहास आहे. 'अयोध्येचा राजा' (१९३२) मध्ये दुर्गा खोटे पडद्यावर झळकल्या, तेव्हा प्रतिष्ठित घराण्यातली सुशिक्षित स्त्री सिनेमात आली याचेच कौतुक मोठे झाले. त्यांचे अभिनयगुण निर्विवाद आहेत. पण ज्या तमासगीर आणि कलावंतीण स्त्रियांच्या गाण्या-नाचण्यावर करमणुकीचा हा धंदा आधीपासून उभा होता, त्यांच्या कलेला कुणी 'क्लास' म्हटले नाही. कुळ हाच गुण ठरला.

या मापाचा खोटेपणा 'बनवाबनवी'नेच, बहुधा नकळत, उघडा पाडला आहे. भाड्याच्या घरासाठी सुधीर सुधा होतो आणि परशा पार्वती. दोघेही पुरुषच, तरी पडद्यावर सुधा नाजूक, लाजरी, मध्यमवर्गीय सून शोभते आणि पार्वती आडदांड, हास्यास्पद ठरते. आता इथे रक्त कुठले आणि कुळ कुठले? सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी चाल, आवाज, पदर सावरण्याची ढब यांतून दोन वेगवेगळ्या बायका उभ्या केल्या. घरंदाजपणा ही नेसता येणारी आणि फेडताही येणारी वस्तू आहे, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा? मग अश्विनी भावे यांचा संयत डौल ही जशी कमावलेली कला, तशीच प्रिया अरुण यांची कमळीही कमावलेली कला. त्या स्वतः चित्रपटसृष्टीतल्याच घरात वाढलेल्या. तरी लिंबू रंगाची साडी लोकांच्या ध्यानात राहते सौंदर्य म्हणून, आणि कमळी राहते गंमत म्हणून.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले, की ज्या लुगड्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते टाकून द्या. बायकांनी ते ऐकले आणि नेसण्याची तऱ्हा बदलली. तो उपदेश कुणाची नक्कल करण्याचा नव्हता. जातीची खूण अंगावर वागवण्यास नकार देण्याचा होता.

कुणी म्हणेल, विनोदी सिनेमाला एवढे ताणायचे कशाला? कारण हे माप सिनेमागृहातच राहत नाही. वाकोल्याची मुलगी रेल्वेलाइन ओलांडून सांताक्रूझ पश्चिमेच्या, खारच्या दुकानात काउंटरवर काम मागायला जाते, तेव्हा तिचा हिशेब किती पक्का आहे यापेक्षा ती 'बोलते कशी, दिसते कशी' हे आधी तपासले जाते. माधुरीचे प्रसाधनांचे दुकान पडद्यावर गोड दिसते. पण तसल्या दुकानात कमळीला नोकरी मिळेल का, हा प्रश्न पटकथेला पडत नाही. घराचेही तेच. चित्रपटात लपवायचे असते ते अविवाहितपण. आडनाव लपवून खोली शोधणाऱ्याला त्या बनवाबनवीवर हसू येते, पण ते घशात अडकते.

तेव्हा नायिकांची तुलना जरूर करा. कुणाची विनोदाची वेळ अचूक, कुणाचे डोळे संवादाआधी बोलतात, दुबळा प्रसंग कोण सावरून नेते, हे पाहा. ही मापे नटीच्या कष्टाची आहेत. 'क्लास'चे माप मात्र तिच्या उंबरठ्याचे आहे, आणि उंबरठे मोजण्याचे काम या देशात पुरेसे झाले आहे. कमळीला तिच्या पूर्ण नावाने, कमल म्हणून, हाक मारणारा मराठी विनोदी प्रेमपट अजून आम्हाला हवा आहे.