पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाची पात्रता आणि परिभाषेचा प्रश्न

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळेत पदार्थविज्ञान शिकविण्याचा अधिकार कोणास प्राप्त होतो, या प्रश्नाचे नियमांतील उत्तर थोडक्यात देता येण्याजोगे आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 सालच्या नियमांप्रमाणे नववी-दहावीच्या शिक्षकास पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत किमान 50 टक्के गुण आणि त्यापुढे बी. एड. किंवा तत्सम एकात्मिक पदवी आवश्यक असते. अकरावी-बारावीसाठी संबंधित विषयातच पदव्युत्तर पदवी लागते. पूर्वी एक वर्षाचा असलेला बी. एड. चा अभ्यासक्रम 2015 पासून दोन वर्षांचा झाला व त्यात वीस आठवड्यांचे शालेय काम आले. मुदत दुप्पट झाली ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु वाढीव मुदतीत जे साधावयास हवे होते, त्यापैकी एक महत्त्वाचे अंग या पात्रतेच्या व्याख्येबाहेरच राहिले आहे.

आधी एका गौण दोषाचा उल्लेख करणे इष्ट. दहावीपर्यंत पदार्थविज्ञान हा स्वतंत्र विषयच नाही. ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या विषयाच्या पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम आणि भिंगे यांच्या शेजारी रासायनिक अभिक्रिया व धातुविज्ञान नांदत असतात. साहजिकच वनस्पतिशास्त्राचा पदवीधरही विज्ञानशिक्षक म्हणून भिंगांचा धडा शिकविण्यास पात्र ठरतो. हा दोष सर्वांच्या परिचयाचा आहे व त्यावर पुष्कळ बोलले गेले आहे.

दुसरा दोष भाषेचा. आणि तो सहसा दोष म्हणून ओळखलाच जात नाही. मराठी माध्यमाच्या भावी शिक्षकाचा मार्ग पाहावा. तो स्वतः दहावीपर्यंत मराठीत शिकलेला असतो. पुढे अकरावीपासून बी. एस्सी. पर्यंत पाच वर्षे त्याचे विज्ञान बहुधा इंग्रजीतून चालते. बी. एड. ला अध्यापनपद्धती पुन्हा मराठीत येते. पण तेव्हा विषयाचा आशय त्याच्या मनात इंग्रजीत रुजलेला असतो. त्यानंतर एके दिवशी नववीच्या वर्गात उभे राहून त्याने बल, कार्य, ऊर्जा व शक्ती यांतील भेद मराठीत उलगडून दाखवावा, अशी अपेक्षा केली जाते. या साऱ्या वाटेवर पदार्थविज्ञानाची मराठी त्यास कोठेही कोणी शिकविलेली नसते.

हे शब्द सोपे दिसतात, आणि तेथेच खरी अडचण आहे. ‘फोर्स’ हा शब्द मराठी मुलास परका. त्यामुळे त्याचा अर्थ शिकावा लागतो, हे त्यास निदान कळते तरी. ‘शक्ती’ त्याच्या घरचीच. ‘शक्ती लावून दगड ढकलला’ असे तो सहज म्हणतो. शास्त्राच्या भाषेत तेथे बल हवे, कारण शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. ‘कार्य’ म्हटले की घरातील लग्नमुंज आठवावी, ही मराठीची रूढी. पण भिंत ढकलून घामाघूम झालेल्या माणसाने भिंतीवर शून्य कार्य केले, हे त्याच शब्दाने सांगावयाचे असते. बाजारातील दोन किलो वजन हे वस्तुतः वस्तुमान ठरते, आणि वजन न्यूटनमध्ये मोजावे लागते. ताशी साठ किलोमीटर हा मोटारीचा वेग म्हणून सर्वत्र मान्य. पुस्तक मात्र त्यास चाल म्हणते, कारण त्यात दिशा नाही. ‘जड’ म्हणजे वजनदार, तसेच ‘जड’ म्हणजे अचेतन. तेव्हा जडत्वाचा बोध कोणत्या वाटेने व्हावयाचा? येथे मात्र भाषा काही साहाय्यही करते. जितकी वस्तू जड तितके तिचे जडत्व अधिक, हे मुलाचे अनुमान अगदीच निराधार नाही, आणि कुशल शिक्षक त्याच अनुमानावरून वस्तुमानाकडे जाऊ शकतो. पण त्यासाठी शब्दाचे दोन्ही अर्थ त्याने पारखलेले असावे लागतात.

वाक्यरचनेचेही तसेच. ‘समानुपाती’ हा शब्द पाठ करणे कठीण नाही. मराठीतील ‘जितका-तितका’ ही जोडी प्रमाणाची कल्पना आपसूक वाहून नेते; मात्र ती केवळ वाढीस वाढ एवढेच सांगते, सम प्रमाण सांगत नाही. ‘वस्तुमान तेच ठेवून बल दुप्पट केले की त्वरणही दुप्पट होते’ या वाक्याने ते काम होते. असे वाक्य आयत्या वेळी सुचत नाही; ते शिकावे लागते.

2014 च्या आराखड्यात सर्व विषयांतून भाषेचा विचार करणारा अर्ध्या प्रश्नपत्रिकेचा विषय समाविष्ट आहे, हे खरे. इंग्लंडमधील 1975 च्या बुलक अहवालाने प्रसृत केलेल्या या विचाराचे मोल कमी नाही. परंतु इतिहासाच्या व गणिताच्या पदवीधरांसह एकाच वर्गात तो शिकविला जात असता ‘वेग’ आणि ‘चाल’ यांचा प्रश्न तेथे निघावा कसा? सूक्ष्म अध्यापनात प्रस्तावना, प्रश्न, फलकलेखन, चेतक बदल या कौशल्यांचा सराव होतो. व्यवहारातील शब्दास परिभाषेत नेण्याचे कौशल्य त्या परिचित यादीत आढळत नाही. 1963 मध्ये भोपाळसह चार ठिकाणी प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघून विषय व पद्धती एकाच चार वर्षांच्या पदवीत गुंफण्याचा प्रयोग झाला. 2020 च्या राष्ट्रीय धोरणानेही 2030 पर्यंत तोच मार्ग सार्वत्रिक करण्याचे योजिले आहे. तेणेकरून आशय आणि पद्धती यांतील दरी बुजेल. आशय कोणत्या भाषेत, हा प्रश्न मात्र तसाच उरतो.

शिक्षक स्वतः त्यावर तोड काढतोच. ‘बॉडीवर फोर्स लावला की अ‍ॅक्सिलरेशन येतं’ असे तो बोलतो, आणि यास भ्रष्ट मराठी म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल; त्यातील व्याकरण निखळ मराठी आहे व विद्यार्थ्यास त्यातून कळतेही. प्रश्नपत्रिका मात्र त्वरण विचारते. कित्येक शाळांनी अर्ध-इंग्रजी पद्धती पत्करून गणित-विज्ञान इंग्रजीतच नेले, त्यामागे पालकांची हौस जशी आहे तशीच ही अडचणही असावी. ज्या शाळांत ती पद्धती नाही, तेथील मुलाचे सारे पदार्थविज्ञान एका माणसाच्या शब्दज्ञानावर अवलंबून राहते.

उपाय फार खर्चाचा नाही. भाषा संचालनालयाचा भौतिकशास्त्राचा परिभाषा कोश उपलब्ध आहे. तो ग्रंथालयाच्या कपाटातून सराव पाठाच्या टाचणात यावयास हवा. टाचणात उद्दिष्टे व शैक्षणिक साधने यांचे रकाने असतातच. तेथेच आणखी एक रकाना वाढवून त्या धड्यातील प्रत्येक संज्ञेचा घरगुती अर्थ आणि शास्त्रीय अर्थ शेजारी-शेजारी मांडावयास लावावे, आणि पाठनिरीक्षकाने मागच्या बाकावर बसून शिक्षकाने ‘शक्ती’ केव्हा कोणत्या अर्थाने उच्चारली याची नोंद ठेवावी.