उमेद कोणत्या पुस्तकात?

पेठसारख्या आदिवासी तालुक्यात वाचक-मंडळ काढायचे म्हटले, की मन प्रसन्न करणाऱ्या पुस्तकांची यादी पुढे येते. विचार बदला, दुःख जाईल, हा त्यांचा बोध. पण पाऊस सरताच द्राक्षबागांच्या मजुरीला घर सोडणाऱ्या माणसांचे दुःख विचारांतून उपजलेले नसते. त्यांना हा बोध करणे म्हणजे, दोष तुमचाच, असे सांगणे होय.

१९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांना केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या वाचनाची वाट १९५६ च्या नागपूरपर्यंत गेली. उमेद म्हणतात ती ही.

म्हणून मंडळाने वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' (१९८७) घ्यावा. तिथे आदिवासी स्वतः बोलतो. आपल्या नाशिकच्या बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' (१९६३) हा कथासंग्रहही घ्यावा. शीर्षककथेतला नायक जात लपवतो, उघडा पडतो, मार खातो. परंतु लाज मार खाणाऱ्याची नव्हे, मारणाऱ्यांची आहे, हे वाचकाला उमगते. घरातला पहिला पदवीधर असलेल्या मला त्यानेच ताठ उभे केले.

अशी पुस्तके एकट्याला खचवतीलही. म्हणून तर मंडळ हवे!