रिकामा डबा

अकोल्यास आमच्या थोरल्या बहिणीच्या घरी एक काचेचे कपाट आहे. पूर्वी त्यात नाताळला काढावयाच्या कपबश्या असत. आता त्यात जपानी अ‍ॅनिमेशनपटांतील नायक-नायिका दाटीवाटीने उभ्या आहेत. मुले या चित्रपटांस ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात, आणि आपण वडीलधारी माणसे ‘कार्टून’ म्हणून मोकळी होतो. ‘‘मामा, हे कार्टून नाही,’’ असे भाच्याने आम्हांस किती वेळा बजावले असेल, त्याची गणती नाही.

या छंदाला वाटते तितके परके मूळ नाही. 1993 च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी लागणारे ‘जंगल बुक’ घराघरांतून पाहिले गेले. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांची चाल यांमुळे ते हिंदीच वाटे. पण चित्रे जपानची, 1989 मधली होती. किपलिंगच्या मोगलीचे सिवनी तर विदर्भाच्या शिवेपलीकडचेच. पुढे कार्टून नेटवर्क आले, डोरेमॉन हिंदी बोलू लागला आणि पोरे त्यात वाढली. आज त्यांतलीच काही पदरचे दोन-तीन हजार मोडून वीतभर उंचीची एक प्लॅस्टिकची मूर्ती कुरिअरने मागवतात.

अकोल्याच्या उन्हाळ्यात हा संग्रह सांभाळणे हे एक व्रतच आहे. पारा 45 अंशांपलीकडे गेला की प्लॅस्टिक मऊ पडते, योद्ध्यांच्या तलवारी वाकतात, मूर्तींच्या अंगाला चिकटपणा येतो. कूलरची ओलसर हवा कपाटाकडे जाऊ नये म्हणून भाचा स्वतः उकाड्यात निजतो. त्याच्या आईची तक्रार खर्चाची आहे, आमची थोडी निराळी होती. वस्तू गोळा करण्याच्या नादात माणूस ती कलाकृती पाहण्याचेच विसरतो की काय, ही शंका आम्हांस होती. तिचे उत्तर आम्हांस त्या कपाटाच्या मागच्या रांगेत, गोळ्यांच्या एका लाल पत्र्याच्या डब्यात सापडले.

तो डबा इसाओ ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ या 1988 च्या चित्रपटातला. काजव्यांचे थडगे, असा नावाचा अर्थ. 2024 च्या सप्टेंबरात तो नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा भाच्याबरोबर आम्हीही पाहिला. 1945 साली कोबे शहरावर आगीचे बॉम्ब पडतात, आई जाते, आणि चौदा वर्षांचा सेइता चार वर्षांच्या सेत्सुकोला घेऊन आधी मावशीकडे आणि मग तळ्याकाठच्या एका रिकाम्या भुयारात राहतो. दोघेही उपासमारीने मरतात. हे काही रहस्य नव्हे. पहिल्याच प्रसंगात स्टेशनात मरून पडलेला सेइता आपल्याला दिसतो. त्याच्याजवळचा डबा स्टेशनचा एक कर्मचारी अंधारात गवतात भिरकावून देतो. झाकण उघडते आणि अस्थींचे बारीक तुकडे बाहेर पडतात.

सारा चित्रपट त्या डब्याचा मागोवा आहे. आधी त्यात फळांच्या स्वादाच्या गोळ्या असतात. त्या संपल्यावर सेइता आत पाणी ओतून उरलीसुरली गोडी बहिणीला पाजतो. पुढे सेत्सुको गोळी समजून काचेच्या चकत्या चोखू लागते, आणि अखेरीस त्याच डब्यात तिच्या अस्थी येतात. ताकाहाता हे सारे आवाज न चढवता सांगतात. वेदीत संतांचे अवशेष ठेवण्याची रीत माहीत असलेल्या आपल्या वाचकांस अस्थी आणि पेटी यांचे नाते समजावून सांगावयास नको.

मावशीचे चित्रण मात्र आम्हांस थोडे सोपे वाटले. आईचे किमोनो विकून आलेल्या तांदळातून ती स्वतःच्या माणसांना दाट वाढते व या पोरांना पातळ, आणि प्रेक्षकाचा राग आयताच तिच्यावर जाऊन बसतो. पण सेइताही निर्दोष नाही. आईच्या बँकखात्यात सात हजार येन असताना तो मानापायी घर सोडतो आणि पैसे काढतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. हा केवळ युद्धविरोधी चित्रपट नव्हे, असे ताकाहाता म्हणत, त्याचे कारण येथे असावे. मूळ कथा 1967 मध्ये लिहिणारे अकियुकी नोसाका यांची धाकटी बहीण 1945 साली खरोखर उपासमारीने गेली होती. नोसाका जगले, कथेतल्या भावाला मात्र त्यांनी जगू दिले नाही. त्या निर्णयात किती अपराधभावना आहे हे उमगल्यावर मावशीवरचा राग ओसरतो.

आम्हांस सर्वाधिक अस्वस्थ केले ते डॉक्टरच्या प्रसंगाने. तो मुलीला तपासतो, हे कुपोषण आहे म्हणतो, सकस अन्न द्या असे सांगून पुढल्या रोग्याला बोलावतो. ते अन्न कोठून आणू, असे सेइता ओरडून विचारतो. उत्तर मिळत नाही. अमरावतीकरांना हा प्रसंग जपानचा वाटणार नाही. धारणी आणि चिखलदरा हे तालुके याच जिल्ह्यातले. 1990 च्या दशकात मेळघाटातील कोरकू बालकांच्या मृत्यूंच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या, हळहळलो आणि वर्तमानपत्राची घडी घातली. बैरागडसारख्या ठिकाणी आयुष्य वेचणारे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्याला अभिमान वाटला. त्यांच्यासारख्या डॉक्टरांपुढे सेइताचा प्रश्न रोज कोणत्या भाषेत येत असेल, याचा विचार आम्ही तरी हा चित्रपट पाहीपर्यंत केला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

आणि हाच डबा बाजारातही मिळत असे! 1908 पासून विकल्या जाणाऱ्या या गोळ्यांच्या डब्यावर कंपनीने पुढे सेत्सुकोचे चित्र छापले. 2023 च्या जानेवारीत ती कंपनी बंद पडली आणि संग्राहकांत डब्याला मागणी आली. उपाशी मेलेल्या मुलीचा चेहरा गोळ्यांवर छापून विकावा, यात काही खटकत नाही काय? आम्हांस खटकले. पण त्या स्टेशनावरच्या माणसाने डबा फेकला तो आत काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे. भाच्याला ते ठाऊक आहे.

त्याने तो एका विक्रेत्याकडून रिकामाच घेतला. मित्र आले की तो पुढच्या रांगेतील योद्धे हौसेने काढून दाखवतो. डबा काढत नाही. हा मागे का, असे आम्ही विचारले. ‘‘मामा, तो घेताना मी पिक्चर पाहिलाच नव्हता,’’ तो म्हणाला. ‘‘लाल रंग आवडला म्हणून घेतला होता.’’ आता विकणार का, या प्रश्नावर त्याने मान हलवली. आम्ही झाकण उघडून पाहिले. आत काहीच नव्हते. त्याने डबा आमच्या हातून घेतला, धूळ पुसली आणि चित्र भिंतीकडे करून पुन्हा होता तेथे ठेवला.