शिवेतरक्षती आणि समायोजन : वाचनाच्या उपचारमूल्याचा एक विचार

१

काव्याच्या प्रयोजनांची गणना करताना मम्मटाने यश, अर्थ, व्यवहारज्ञान, सद्यःपरनिर्वृती आणि कांतासंमित उपदेश यांच्या बरोबरीने ‘शिवेतरक्षती’ हेही एक प्रयोजन सांगितले आहे. जे शिव नाही ते शिवेतर, म्हणजे अमंगल. त्याचा क्षय काव्याने होतो, अशी ही भूमिका आहे. त्यासाठी मम्मटाने मयूर कवीचा दाखला दिला. सूर्याची शतश्लोकी स्तुती रचून मयूर कुष्ठरोगातून मुक्त झाला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. मराठीतील साहित्यविचाराने या सहा प्रयोजनांपैकी आनंद आणि बोध यांचाच मुख्यतः परामर्श घेतला. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात मांडलेली सविकल्प समाधीची कल्पना असो, की फडके-खांडेकरांच्या नावांशी निगडित झालेला ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद असो, विवेचन या दोन ध्रुवांभोवतीच फिरत राहिले. शिवेतरक्षतीची गणना चमत्कारांत झाली आणि ती विचारकक्षेच्या बाहेर पडली.

हे प्रयोजन आता ‘ग्रंथोपचार’ या नव्या नावाने परत आले आहे. या अर्थाचा इंग्रजी शब्द १९१६ साली सॅम्युएल क्रॉदर्स या अमेरिकन निबंधकाराने ‘अटलांटिक मंथली’ मासिकातील एका लेखात अर्धवट विनोदाने वापरला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील लष्करी रुग्णालयांत ग्रंथालये उभी राहिली आणि विनोदाचे रूपांतर कार्यपद्धतीत होऊ लागले. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीय माजी सैनिकांच्या रुग्णालयात सेडी पीटरसन डिलेनी या ग्रंथपाल बाईंनी १९२४ पासून तीन दशकांहून अधिक काळ रुग्णांच्या वाचनाला उपचाराचे रूप दिले. पुढे इंग्लंडमध्ये २०१३ साली सार्वजनिक ग्रंथालयांच्या साहाय्याने, मनोव्यथेने ग्रस्त व्यक्तीला निवडक पुस्तके सुचविण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. वाचनाने बरे वाटते, याविषयी फारसा वाद उरलेला नाही. वादाचा मुद्दा पुढचा आहे. बरे वाटणे म्हणजे नेमके काय होणे, आणि त्यात साहित्याचा साहित्य म्हणून वाटा कोणता?

२

हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही, हे ध्यानात येण्यासाठी बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीचे उदाहरण उपयोगी पडेल. होसूर रस्त्यावर कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर कर्नाटक शासनाच्या ‘केऑनिक्स’ या महामंडळाने १९७८ साली ही वसाहत वसविली. अग्रहार म्हणजे अध्ययन-अध्यापनासाठी विद्वानांना दान दिलेले गाव. एके काळी पठणाशी जोडलेला हा शब्द आज संगणक-उद्योगाच्या पत्त्यात शिल्लक आहे. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळुरास आली आणि पुढे याच वसाहतीत विस्तारली. तिच्या आणि तिच्यासारख्या कंपन्यांच्या पाठोपाठ मराठी तरुणांचा ओघही इकडे वळला. या तरुणाच्या घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि कचेरीत इंग्रजी असते. याच होसूर रस्त्यावर, शहराच्या बाजूस, ‘निम्हान्स’ ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. जुने मनोरुग्णालय आणि १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय संस्था यांच्या एकीकरणातून ती १९७४ साली आकारास आली. उद्योग आणि उपचार यांची ही दोन मोठी केंद्रे एकाच रस्त्याने जोडलेली आहेत.

अशा वसाहतीत मनाच्या व्यथेकडे पाहण्याची एक दृष्टी सहज तयार होते. झोप उडणे, एकाकीपण, उदासी यांचा हिशेब बुडालेल्या कामाच्या तासांत होऊ लागतो. मग योगासने, ध्यान, संगीत यांच्या यादीत वाचनही येऊन बसते. पुस्तकाने थकलेला माणूस ताजा व्हावा आणि सोमवारी पुन्हा कामाला लागावा, एवढीच अपेक्षा राहते. या अपेक्षेला मानसशास्त्राच्या परिभाषेत समायोजन म्हणता येईल. समायोजन निंद्य नाही; माणसाला जगण्यासाठी त्याची गरज असते. परंतु मम्मटाने सांगितलेली क्षती ही अमंगलाची क्षती आहे. समायोजनात अमंगल जागच्या जागी राहते आणि ते सोसण्याची शक्ती तेवढी वाढते. या दोहोंतील अंतर मराठी वाङ्मयात कोठे दिसते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

३

या संदर्भात पहिली साक्ष तुकोबांची काढावी लागते. आपल्या पूर्वायुष्याचा वृत्तांत त्यांनी एका आत्मपर अभंगात क्रमवार सांगितला आहे. आईवडील गेले, १६३० च्या सुमारच्या दुष्काळात द्रव्य आणि मान दोन्ही नष्ट झाली, अन्न अन्न करीत पत्नीचा अंत झाला, व्यापार तोट्यात गेला आणि स्वतःची लाज वाटू लागली. आजच्या चिकित्सकाला यात शोक, अपराधभाव आणि आत्मग्लानी ही तिन्ही लक्षणे एकत्र आढळतील. त्यापुढचा क्रम अभ्यासकाने बारकाईने पाहावा असा आहे. पडक्या देवळाच्या दुरुस्तीचा विचार मनात येतो. एकादशीला कीर्तन सुरू होते, पण प्रारंभी त्यात चित्त रमत नाही. मग संतांची काही वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली जातात. पुढे गाणारे असतील त्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले जाते. कवित्वाची स्फूर्ती होते ती या सर्वांनंतर.

या क्रमात वाचनाचे स्थान फार अर्थपूर्ण आहे. तुकोबांनी आपले दुःख प्रथम आपल्या शब्दांत मांडले नाही. दुसऱ्याचे शब्द कंठात घेतले, दुसऱ्याच्या सुरामागे आपला सूर लावला, आणि तेव्हा कोठे स्वतःची वाणी सापडली. शोकाने माणसाची भाषा प्रथम कुंठित होते. आपल्यावर जे गुदरले ते सांगण्यास आपलेच शब्द अपुरे पडतात. अशा वेळी ‘मन मोकळे कर’ हा उपदेश निरुपयोगी ठरतो, कारण मोकळे करण्यासाठी लागणारी वाणीच अडलेली असते. परक्या शब्दांचे पाठांतर त्या अडलेल्या वाणीला वाट करून देते. येथे वाचनाचा अर्थ डोळ्यांनी पुस्तक चाळणे एवढा नाही. कंठ, श्वास, उभे राहणारे शरीर आणि शेजारी उभे असलेले लोक, हे सारे त्यात येतात.

या उपशमाने तुकोबा पूर्वीच्या व्यवसायात परतले नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. वडिलोपार्जित सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. पुढे निषेधाचा आघात झाला आणि अभंगांच्या वह्याही पाण्यात गेल्या, हे त्यांनी स्वतःच नोंदविले आहे. ज्या शब्दांनी आधार दिला त्यांच्यामुळेच नवा घाव बसला. समायोजनाच्या मापाने मोजले तर तुकोबांचा उपचार अयशस्वी म्हणावा लागेल; व्यापारी म्हणून ते कामाचे राहिले नाहीत. शिवेतरक्षतीच्या मापाने मात्र त्यांची वाणी मोकळी होणे हाच त्या उपचाराचा परिणाम ठरतो.

४

तुकोबांच्या शब्दांनी दुसऱ्या एका दुःखिताचे काय केले, याची साक्षही सुदैवाने उपलब्ध आहे. शिऊरच्या बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनपर अभंगांत कोल्हापूरचा प्रसंग येतो. वयाने लहान असलेली ही ब्राह्मण स्त्री जयराम स्वामींच्या कीर्तनाला जाते. तिचे लाडके वासरू तिच्याबरोबर असते. लोकांत चर्चा होते, पती तिला मारहाण करतो, वासरू मरते आणि ती काही दिवस निश्चेष्ट पडते. कीर्तनात ऐकलेले तुकोबांचे अभंग तिच्या मनात घोळत असतात. तुकोबांना तिने पाहिलेले नाही. तिची ओळख आहे ती त्यांच्या शब्दांशी. स्वप्नात त्यांचे दर्शन होते आणि त्यातून ती सावरते.

पुस्तकाने बरे झालेल्या वाचकाचे इतके तपशीलवार आत्मकथन जुन्या मराठीत दुर्मिळ आहे. परंतु बरे होणे म्हणजे येथे शांत होणे नव्हे. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू करावा, ही गोष्ट पतीला असह्य होते आणि घरातील छळ वाढतो. शब्दांनी बहिणाबाईंची पीडा लगेच कमी केली नाही. त्यांनी तिला पीडेच्या संदर्भात एक स्थान दिले. आपल्यावर काय घडले ते सांगण्याचा अधिकार दिला. कोल्हापुरात मूर्च्छित पडलेली ती मुलगी पुढे आपली कथा स्वतः सांगते, यात साहित्याच्या उपचाराचे खरे गमक आहे. श्रोता वक्ता झाला, रुग्ण साक्षीदार झाला.

५

या विवेचनाला अर्थातच मर्यादा आहे आणि ती स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ने मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांना मायेचा ओलावा दिला. तिचे लेखक साने गुरुजी यांनी ११ जून १९५० रोजी आपली जीवनयात्रा स्वतः संपविली. इतरांचे अश्रू मोकळे करणारा लेखक स्वतःच्या निराशेपुढे एकटा असू शकतो. साहित्य हा औषधाचा पर्याय नाही, वैद्याचा तर नाहीच, हे या घटनेपुढे नम्रपणे मान्य केले पाहिजे.

वैद्यक आणि साहित्य यांचा योग्य संबंध कोणता, हे दाखविणारे उदाहरण मराठीतच आहे. अनिल अवचट यांनी १९८०च्या दशकात गर्दच्या व्यसनात सापडलेल्या मुलांविषयी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले आणि डॉ. अनिता अवचट यांनी ते चालविले. येथे वाचनाने वाचकाला शांत केले नाही, बेचैन केले. त्या बेचैनीतून इतरांच्या उपचाराची सोय झाली. उपचाराचा लाभ ज्याने वाचले त्यालाच झाला पाहिजे, हे ग्रंथोपचाराचे गृहीतक या उदाहरणाने अपुरे ठरते.

दुसरे गृहीतक दिलासा देणाऱ्या पुस्तकांचे. लक्षण पाहून पुस्तक द्यायचे असेल तर जी. ए. कुलकर्णी यांचे नाव कोणत्याच यादीत येणार नाही. धारवाडला इंग्रजी शिकवीत ज्यांनी ‘पारवा’, ‘काजळमाया’, ‘पिंगळावेळ’ या संग्रहांतील कथा लिहिल्या, त्यांच्या विश्वात नियतीला दया नाही आणि शेवटी सांत्वनही नाही. तरीही व्यथित वाचक त्यांच्याकडे पुनःपुन्हा वळतो. कारण उघड आहे. आपल्या दुःखाला कोणी लहान लेखले नाही, हा अनुभव खोट्या आश्वासनापेक्षा अधिक आधार देतो. जी.एं.च्या कथेत दुःखाला त्याच्या पूर्ण आकारात उभे राहू दिले जाते, आणि वाचकाला आपले दुःख तेथे ओळखता येते.

६

आता पुन्हा इलेक्ट्रॉनिक सिटीतील वाचकाकडे वळले पाहिजे. त्याच्या व्यथेची भाषा कोणती? मातृभाषा, असे उत्तर लगेच सुचते. परंतु कर्नाटकातीलच एक उदाहरण त्याला छेद देते. १८९६ साली धारवाडला जन्मलेल्या द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी होती आणि मराठीतही त्यांनी लेखन केले. अपत्यवियोगाच्या प्रसंगी पत्नीच्या नजरेला उद्देशून लिहिलेली त्यांची प्रसिद्ध कविता मात्र कन्नडमध्ये आहे, आणि तीही धारवाडच्या बोलीच्या वळणाची. जी भाषा गल्लीत, बाजारात, गाण्यात भोगली गेली, तिच्यात त्यांच्या शोकाला वाणी मिळाली. तेव्हा जन्माच्या भाषेइतकेच महत्त्व जगलेल्या भाषेला आहे. बंगळुरातील मराठी तरुणापुढे खरा धोका कन्नडचा नाही. ज्या इंग्रजीत तो केवळ काम करतो, तिच्यातच त्याला आपले दुःखही कामाच्या परिभाषेत सांगावे लागते, हा तो धोका आहे. ‘ताण’ आणि ‘कार्यक्षमता’ या दोन शब्दांच्या मध्ये शोक, पश्चात्ताप, विरह, ग्लानी यांना जागा राहत नाही. ज्याला नाव नाही त्याचा क्षय होणे कठीण असते.

यावरून ग्रंथालयांच्या दृष्टीने एक निष्कर्ष निघतो. व्याधीनुसार पुस्तकांच्या याद्या करण्याचा उद्योग सोपा आहे आणि तो निरर्थकही नाही. पण तुकोबांच्या साक्षीत यादी नाही. तेथे पाठांतर आहे, मागे उभे राहून धरलेले ध्रुपद आहे, एकत्र जमलेली माणसे आहेत. पोथीचे पारायण, कीर्तन, घरातील मोठ्याने वाचन, या रूपांनी मराठी समाजाने ही पद्धत दीर्घकाळ सांभाळली. शहरी वाचकाने मूक वाचन स्वीकारले, तेव्हा तिचा अर्धा भाग हातचा गेला. परगावच्या मराठी मंडळाने किंवा वसाहतीतील लहानशा ग्रंथालयाने आठवड्यातून एकदा दहा माणसांना एक कथा मोठ्याने वाचू दिली, तर तो या परंपरेचाच पुढचा टप्पा ठरेल. अशा वाचनात कोणाच्या दुःखाची चौकशी करावी लागत नाही. प्रत्येकजण दुसऱ्याचे शब्द उच्चारतो आणि आपल्या शब्दांची वाट पाहतो.

मयूराच्या कुष्ठाची कथा आज कोणी अक्षरशः खरी मानणार नाही. परंतु मम्मटाने तिला प्रयोजनांच्या गणनेत स्थान दिले, त्यामागची जाणीव टिकाऊ आहे. अमंगल जेव्हा माणसाची वाचा घेते, तेव्हा साहित्य ती परत मिळविण्यास साह्य करते. परत मिळालेल्या वाचेने माणूस पुन्हा कामाला लागेल, की तुकोबांप्रमाणे कामच सोडील, हे साहित्य ठरवीत नाही. ते स्वातंत्र्य वाचकाचे आहे, आणि ग्रंथोपचाराची कोणतीही योजना त्या स्वातंत्र्याला किती जागा देते, यावरूनच तिचे मूल्यमापन झाले पाहिजे.