जुनेपण रंगात नसतं, सांध्यात असतं

नवं कपाट जुनं दिसावं म्हणून काय करतात, ते आधी नीट पाहू. लाकडाला गडद रंगाचा एक हात देतात. तो वाळला की जिथे वर्षानुवर्षं हात लागला असता अशा जागा, म्हणजे दाराच्या कडा, मुठीभोवतीचा भाग, तळाची पट्टी, मेणाने चोळतात. त्यावर फिकट रंग देतात आणि पॉलिशपेपर फिरवतात. मेण लावलेल्या जागी वरचा रंग सुटतो, खालचा उघडा पडतो. मग साखळीचे फटके मारून पोचे पाडायचे, तारेच्या ब्रशने लाकडाच्या रेषा उकरायच्या आणि काळपट पॉलिश लावून लगेच पुसून घ्यायचं. चार दिवसांत साठ वर्षांचं वय चढतं. पुण्या-मुंबईच्या उंची घरांत याला ‘डिस्ट्रेस्ड’ फिनिश म्हणतात आणि त्यासाठी साध्या कपाटापेक्षा बरेच जास्त पैसे मोजतात.

ही आवड पाश्चात्त्य घरांतून आली. १९८९ मध्ये रेचल अ‍ॅशवेल यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकात ‘शॅबी शिक’ हे दुकान काढलं आणि विटलेल्या रंगाच्या फर्निचरला प्रतिष्ठा आली. आपल्याकडे जोधपूरच्या निर्यातदारांनी ते तंत्र आत्मसात केलं. रंगकाम म्हणून त्यात कसब आहे, ते मी नाकारत नाही. चांगला कारागीर झीज कुठे दाखवायची आणि कुठे नाही, हे अचूक ओळखतो. कच्चा कारागीर सगळीकडे सारखंच घासतो आणि लगेच पकडला जातो. तरी ही कला पृष्ठभागापाशी थांबते.

बालाघाटच्या डोंगरपठारावरच्या पाटोद्याकडे आणि एकूणच बीड जिल्ह्याकडे पाहिलं की या आवडीची दुसरी बाजू दिसते. इथून खरं जुनं लाकूड बाहेर जातं. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवद आणि आत लाकडाचा सांगाडा. घराचं माप खणांत सांगायचे. खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तिच्यावर कड्या, कड्यांवर किलचन आणि त्यावर मातीचा थर. भिंतीतल्या जाडीत फडताळ बसवलेलं असायचं. आजच्या भाषेत ते ‘बिल्ट-इन कॅबिनेट’च. हे सगळं कूस (लाकडाचं कोरून काढलेलं टोक) आणि साल (ते टोक बसतं ती खाच) यांच्या जोडावर उभं असे. लोखंडी खिळ्याचं काम फार थोडं.

अशा घरातून निघालेली तुळई जवळून पाहण्यासारखी असते. चुलीच्या धुराने तिला आलेला काळा रंग ब्रशने जात नाही. पोटाला वाकसाचे तिरपे घाव अजून मोजता येतात, कारण रंधा फक्त दिसणाऱ्या बाजूंवर फिरलेला असतो. टोकाशी चौकोनी साल रिकामी पडलेली असते आणि तिच्या आतल्या भिंती पटाशीने इतक्या सरळ उतरवलेल्या असतात की गुण्या लावला तरी फट दिसू नये. ही जागा घर उभं असताना कुणालाच दिसणार नव्हती. तरी ती अशी केली.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसं दगड-मातीखाली गेली. माळवदाच्या घराचा धसका साऱ्या मराठवाड्याने घेतला आणि तो स्वाभाविक होता. मात्र तेव्हा अनेक घरांत भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिला होता, ही नोंद विसरली गेली. सिमेंट-पत्र्याची घरं आली, वाटण्या झाल्या, मुलं शहरात गेली आणि वाडे मोडले गेले. साधं लाकूड घनफुटाच्या भावाने जातं. कोरीव चौकट आणि खांब वेगळे विकले जातात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात इमारतीतून सुटी केलेली शंभर वर्षांपुढची वस्तूही येते, तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी निर्यातीला बंदी आहे. वाडा मोडणाऱ्या घरमालकाला हे सहसा कुणी सांगत नाही. तमिळनाडूत चेट्टिनाडच्या वाड्यांचे खांब कराईकुडीच्या बाजारात असेच विक्रीला उभे राहिले.

लाकूड गेलं, तसं काम करणारा हातही रोडावला. त्रिं. ना. आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गांवगाडा’त बलुतेदारांची जी व्यवस्था येते, तिच्यात सुतार अग्रभागी होता. नांगर, तिफण, वखर, बैलगाडी, घराची चौकट, सगळं त्याचं. बलुत्यात अन्याय होता आणि ती व्यवस्था परत यावी असं मी म्हणणार नाही. पण बाभळीच्या चाकाचे आरे तुंब्यात घट्ट बसवून त्यावर तापती धाव चढवायची, तर मापात सुताएवढीही चूक चालत नसे. हीच त्याची शाळा होती. आज पाटोद्याच्या परिसरातून ऊसतोडीला जाणारी जोडपी टायरगाडी नेतात, अवजारं लोखंडी झाली आहेत आणि शहरातलं सुतारकाम म्हणजे बहुतेक ठिकाणी प्लायवूड, सनमाईका, फेव्हिकॉल आणि स्क्रू. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळतात, सवलतीचं कर्जही मिळतं. ते हवंच आहे. पण अवजार मिळालं तरी कूस-सालीचं काम सांगणारं गिऱ्हाईक नसेल, तर पटाशी पेटीतच राहणार.

म्हणून लाकूडकामाच्या क्षेत्राची आजची अवस्था मला काळजीची वाटते. पैसा भरपूर आहे, हौसही आहे, पण मोबदला झिजेच्या देखाव्याला मिळतो आणि जी बांधणी झीज सोसून टिकते तिला मिळत नाही. समीक्षाही तिथेच अडकली आहे. सजावटीच्या मासिकांत रंगछटांवर पानं भरतात. ड्रॉवरचा कोपरा कसा जोडला, हे कुणी लिहीत नाही. वास्तुविशारदाचं नाव छापतात, सुताराचं छापत नाहीत.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल आहे, वाड्यांचे दरवाजेही आहेत. काढलेलं लाकूड जपून पुन्हा जोडता येतं, याचा तो पुरावा आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक वाड्याला संग्रहालय मिळणार नाही. तेव्हा वाडा उतरवणाऱ्यांना एक विनंती. कुऱ्हाड लावण्याआधी प्रत्येक खांबावर, तुळईवर खडूने क्रमांक घाला, फोटो काढा, मापं लिहून ठेवा आणि गावात कुणी म्हातारा सुतार असेल तर त्याला शेजारी उभं करून सांधे उकलू द्या. आणि बंगल्यासाठी कपाट घेणाऱ्यांनी रंग पाहण्याआधी ड्रॉवर पूर्ण बाहेर काढावा, उलटा करावा आणि कोपरा पाहावा. तिथे खिळा दिसला तर जुनेपणाचे पैसे देऊ नयेत.